ताईचं पाणी

ताईच्या पोटात पहिली कळ उठली तेव्हा ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. भाकर तव्यावर टाकली आणि तिने हात कमरेला लावला. मला वाटलं, पीठ झटकते आहे. मग ती बसल्या जागी कलंडली.

माय विड्या वळत दारात बसली होती. सूप बाजूला सारून धावली. "काहून वं? का झालं?"

ताईला बोलता येत नव्हतं. ती कुशीवर झाली, पालथी झाली, उठून उकिडवी बसली, पुन्हा आडवी झाली. कुठल्याही बाजूने तिला चैन पडेना. घाम इतका, की साडीला लागलेलं पीठ ओलं झालं. मग उलट्या सुरू झाल्या. मायला वाटलं, वायगोळा असेल. तिने ओवा चोळून दिला, तो तसाच बाहेर आला. बाबा रविवारचे घरीच होते. त्यांनी एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सायकलरिक्षा आणायला गेले. तव्यावरची भाकर जळून कोळसा झाली होती, ती मी नंतर उचलली.

आमची वस्ती उत्तर नागपुरात. बाबा कापडाच्या मिलमध्ये होते. छप्पनला त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा ताई त्यांच्या खांद्यावर बसायच्या वयाची होती आणि मी मायच्या पोटात. घरातल्या भिंतीवरच्या जुन्या तसबिरी बाबांनी स्वतः उतरवल्या होत्या. पोरींना शिकवायचं हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं, असं ते सांगत. ताई शिकली आणि शिक्षिका झाली. आमच्या सगळ्या गोतावळ्यातली पहिली नोकरी करणारी बाई. नेमणूक मिळाली नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यात. ती नरखेडला खोली घेऊन राहायची, सकाळी एसटीने निघून पुढे पायी शाळेत जायची आणि शनिवारी दुपारच्या गाडीने नागपूरला यायची. ती आली की बाबा शेजाऱ्यांना उगाचच सांगत, "मास्तरीण आली आमची."

त्या रविवारी धंतोलीतल्या डॉक्टरांनी तिला इंजेक्शन दिलं, एक्स-रे काढला आणि डाव्या बाजूचा एक पांढरा ठिपका आम्हाला उजेडासमोर धरून दाखवला. मुतखडा. मूत्रपिंडातून निघून खालच्या नळीत अडकला होता. डॉक्टर वयस्क होते, सावकाश बोलत.

"दिवसभरात पाणी किती पिता?"

"पिते नं," ताई म्हणाली.

"किती?"

"लागते तितकं."

"तुम्हाला लागतं तितकं नाही. मूत्रपिंडाला लागतं तितकं. आपल्याकडचं ऊन, त्यात तुमची पायपीट. सगळं पाणी घामावाटे जातं. लघवी थोडी आणि घट्ट होते, मग तिच्यातले क्षार खाली बसतात. भांड्याच्या बुडाशी थर बसतो ना, तसे. लघवी अगदी पाण्यासारखी दिसेपर्यंत पीत राहा."

ताईने मान डोलावली. पण ती त्यांच्याकडे नाही, टेबलावरच्या काचेकडे पाहत होती.

जेवणाचंही त्यांनी सांगितलं. पालक, टोमॅटो, शेंगदाणे कमी करा, चहा कमी करा, मीठ तर फारच कमी, लोणचं-पापड-सुकट बंद. दूधही तेव्हा बंद करायला सांगत. आता म्हणतात, दूध सोडू नका. लिंबूपाणी घ्या, संत्री-मोसंबी खा, असंही ते म्हणाले. ताईच्या एकटीच्या स्वयंपाकात नेमकं नको तेच असायचं. सकाळी दोनदा चहा, दुपारच्या डब्यात भाकरी आणि टोमॅटोची तिखट चटणी, संध्याकाळी दमून आली की फुटाणे-शेंगदाणे खाऊन झोपायची.

मायने ते सगळं मनावर घेतलं. वस्तीतल्या बायांनीही घेतलं. एक म्हणाली वांगं वाईट, दुसरी म्हणाली भेंडी वाईट. कोणी पानफुटीचं झाड कुंडीसकट आणून दिलं. माय रोज कुळीथ शिजवून त्याचं पाणी गाळून ठेवू लागली. ताई नाक दाबून प्यायची. त्यातल्या कशाने ते माहीत नाही, पण काही आठवड्यांनी खडा पडला. ज्वारीच्या दाण्याहून लहान, करडा, काटेरी. मायने तो कागदात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "येवढ्याशानं लेकीले असं लोळवलं!"

आम्हाला वाटलं, संपलं.

पुढल्या फेब्रुवारी-मार्चात आमच्या कॉलेजात संप झाला. मी काही दिवस ताईकडे राहायला गेले. तेव्हाच तिच्याबरोबर शाळेत जाण्याची वेळ आली.

एसटी फाट्यावर सोडायची. तिथून कच्चा रस्ता, दोन्हीकडे संत्र्याच्या बागा. मार्च लागला होता आणि सकाळीच ऊन डोक्यात शिरत होतं. शाळा म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. हेडमास्तर, आणखी दोन मास्तर आणि ताई. बाई ती एकटीच. पडवीच्या कोपऱ्यात लाकडी तिवईवर माठ होता, त्यावर झाकणी, झाकणीवर लांब दांड्याचं ओगराळं.

मधल्या सुट्टीत पोरं माठाकडे धावली. वरच्या वर्गातला एक मोठा मुलगा ओगराळं घेऊन उभा राहिला. बहुतेक पोरांनी तिथला पेला उचलून पाणी घेतलं. चार-सहा पोरं बाजूला थांबली होती. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी ओंजळी पुढे केल्या आणि त्याने वरून धार सोडली. ती आपल्या लोकांची पोरं होती, हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

मी ताईकडे पाहिलं. ती वह्या तपासत होती. एक मास्तर भला माणूस होता. त्याने विचारलं, "बाई, पाणी देऊ का?" आणि ओगराळ्याकडे हात नेला.

"नको," ताई म्हणाली. मान वरही केली नाही.

मला तहान लागली होती. पण मीही पाणी मागितलं नाही. शाळा सुटेपर्यंत जीभ टाळूला चिकटली होती. परतीच्या वाटेवर मी तिला थांबवलं.

"तू दिवसभर पाणी पीत नाहीस?"

"घरी जाऊन पिते."

"डॉक्टर काय म्हणाले होते? काहून नाही पीत?"

ती बांधावरच्या झाडाखाली बसली. पदराने तोंड पुसलं.

"आली त्याच आठवड्यात म्या माठात ओगराळं घातलं अन् पाणी घेतलं. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तं माठ घासून-धुऊन उन्हात उपडा ठेवलेला. हेडमास्तर हसून बोलले, 'बाई, तुमाले उठाचं काम नाही. नुसता आवाज द्या, कोणी बी पाणी वाढून देईल.' वाढून म्हणजे कसं, ते तू आज पाहिलं."

"मंग घरून बाटली आणत जा."

"पहिले मले बी तेच वाटलं. पण वर्गात गावातल्या आपल्या वस्तीचे पोट्टे बसतात. ते पाहून राहिले नं माझ्याकडे. त्यांच्या बाईनं आपलं पाणी वेगळं आणलं, तं ते का शिकतील? हेच, का शाळेतला माठ आपला नाही." तिने चपलेतली माती झटकली. "अन् दुसरं सांगू? पाणी पिऊन जाऊ कोठी? मास्तर लोक जातात बांधाआड. म्या जाऊ? चौफेर बाग, चौफेर माणसं. म्हणून सकाळी निघताना बी पाणी पीत नाही. चहा घेते, तेवढाच."

सकाळच्या चहावर संध्याकाळपर्यंत, या उन्हात, पायी. आणि घरी आम्ही टोमॅटोच्या बिया काढत बसलो होतो.

तेवढ्यात बागेतून एक शेतकरी आला. त्याची मुलगी ताईच्या वर्गात होती. "बाई, बहिणी का?" म्हणून त्याने दोन्ही हातांनी आमच्या ओंजळीत संत्री ठेवली. चांगली मोठी, देठाला पानं असलेली. त्याचे हात ताईच्या हातांना लागले, त्याला काही वाटलं नाही. घरची चौकशी केली, पोरीच्या अभ्यासाचं विचारलं, अजून दोन संत्री वर ठेवली. फळाला विटाळ नव्हता. ताईने तिथेच एक सोललं आणि माझ्या हातात अर्धं दिलं. आम्ही दोघींनी ते रस हनुवटीवर ओघळेपर्यंत खाल्लं. इतकं गोड संत्रं गिळताना मला रडू येत होतं.

त्या महिन्याच्या शेवटी एका शनिवारी ताई एसटीतून उतरून घरी आली ती थरथरत. अंग भट्टीसारखं तापलेलं, डावी बाजू धरलेली. आधीच्या वेळी नुसती कळ होती; या वेळी ताप होता आणि ती मधेच असंबद्ध बोलत होती. धंतोलीला नेईपर्यंत मी मायला आणि बाबांना सगळं सांगून टाकलं. माठाचं, ओगराळ्याचं, बांधाचं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांचं भांडण झालं. आयुष्यात मी त्यांना इतक्या हलक्या आवाजात भांडताना पाहिलं नव्हतं.

"तिनं बरोबर केलं," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "माझी पोरगी हात पसरून वरून पाणी पिणार नाही. आपण ते सोडलं."

"सोडलं नं? मंग पोट्टी अशी काहून पडली?" माय म्हणाली. "तुम्ही तिले मान शिकवली. तहान लागली तं का कराचं, ते काहून नाही शिकवलं?"

"म्हणजे तिनं ओंजळ पसराची होती?"

"म्या तसं म्हटलं का? म्या म्हणते, माझं लेकरू मरून राहिलं."

बाबा भिंतीला टेकून उभे राहिले. मिलमधल्या कापसाने त्यांना खोकला असायचा, तो त्यांनी तोंडावर रुमाल दाबून आवरला.

शिरेतून रंग सोडून पुन्हा एक्स-रे काढले. उजवीकडे सगळा मार्ग उमटला, डावीकडे काहीच नाही. दुसरा खडा नळीत असा घट्ट बसला होता की वरचं मूत्रपिंड फुगून त्यात पू झाला होता. कधीपासून, कोण जाणे. ताई दुखणं अंगावर काढत होती. कमरेला पट्टा बांधून शाळेत जात होती, हे तिने नंतर कबूल केलं. डॉक्टर बाबांना म्हणाले, "वाचवायचा प्रयत्न करतो. पण उघडल्यावर जे दिसेल ते दिसेल."

उघडल्यावर वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. डावं मूत्रपिंड काढून टाकावं लागलं. फासळीखालून पाठीपासून पोटापर्यंत टाके. ती शुद्धीवर आली तेव्हा बाबा उशाशी होते. त्यांनी चमच्याने तिच्या ओठांना पाणी लावलं. अर्धं तिच्या मानेवर सांडलं, ते त्यांनी रुमालाने टिपलं.

काही दिवसांनी डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "आता एकच आहे. ते जपायचं. मागच्या वेळीही मी पाण्याचं सांगितलं होतं. का नाही प्यालात?"

ताईने सांगितलं. तिच्या बोलीत नाही, शाळेतल्या मराठीत, एकेक वाक्य नीट लावून, जणू वर्गात धडा समजावते आहे. माठ. धुतलेला माठ. वरून धार. जायला जागा नाही.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मी तुम्हाला टोमॅटो सोडायला सांगत बसलो," ते म्हणाले. मग म्हणाले, "बदलीसाठी कागद लिहून देतो. आजारपणाचं कारण खरंच आहे."

"बदली होईल तिथला माठ वेगळा असंल का?" ताईने विचारलं.

ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं.

मी विचारलं, आमच्या वस्तीतल्या विहिरीचं पाणी जड आहे, डाळ शिजत नाही, तेच प्यालं तर चालेल का? ते म्हणाले, जड पाणी वाईट की चांगलं याचा वाद आहे. पण जड पाणी भरपूर पिणं हे पाणी न पिण्यापेक्षा कधीही बरं. मीठ कमी, लिंबू रोज, आणि तहान लागायच्या आधी पाणी. एवढं पाळा.

घरी आल्यावर बाबा एकदा तिला म्हणाले, "पोरी, तू बाटली घेऊन जात जा. मी सांगतो."

"बाबा, दुसरं कोणी बी सांगो. तुम्ही नोका सांगू," ती म्हणाली. बाबा उठून बाहेर गेले.

जूनअखेर शाळा सुरू झाली तेव्हा ताई परत गेली. सोबत बाबा होते आणि बाबांच्या मांडीवर नवा माठ. एसटीत खड्ड्याखड्ड्याला ते त्याला दोन्ही हातांनी कवटाळत होते. बाटली नेणार नाही, पण माठ नेईन, हे ताईने पडल्या पडल्या ठरवलं होतं. एकटीसाठी नाही, पडवीत, सगळ्यांसाठी. ज्याला यायचं त्याने यावं, आपल्या हाताने घ्यावं. शाळेच्या गावातल्या आपल्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईने स्वतःच्या घरची आडोशाची न्हाणी ताईला दाखवली आणि म्हटलं, "दुपारी येत जाय बाई. लाजू नोको." तेवढ्याने ताईचं अर्धं दुखणं कमी झालं असतं, आधी मिळालं असतं तर.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, दोन माठ काहून?"

"पोट्टे जास्त आहेत, सर."

पहिल्या दिवशी वस्तीतली पोरं आली. पेला स्वतःच्या हाताने बुडवताना त्यांचे हात अडखळत होते, असं तिने मला सांगितलं. दुसऱ्या पोरांतला एक मुलगा खेळताना तहानेने धावत आला आणि न पाहता त्याच माठातलं प्यायला. त्याची आई दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन ताईवर ओरडून गेली. नंतर एका सोमवारी ताई पोचली तर माठाच्या खापऱ्या पडवीत पसरलेल्या. वाऱ्याने पडला, सगळे म्हणाले. ताईने खापऱ्या उचलल्या आणि पुढच्या बाजाराला दुसरा आणला. तो टिकला. पुढल्या एप्रिलच्या उन्हात पोरांना जो माठ जवळ तो आपला झाला, निदान शाळेपुरता. घरी गेल्यावर त्यांचं काय होत असेल, ते ताईला कळायला मार्ग नव्हता. हेडमास्तर जुन्या माठातलंच पीत राहिले, स्वतःची बदली होईपर्यंत. कोणी कधी चूक झाली म्हणालं नाही.

ताई आणखी काही वर्षं तिथेच राहिली. या काळात तिला स्थळं येत होती आणि परत जात होती. ती पाहायला आलेल्यांना आधीच सांगून टाकायची, माझं एकच मूत्रपिंड आहे. माय चिडायची, "चहा तं होऊ दे, मंग सांग." शिकलेली, आपल्याच चळवळीतली, मोठमोठं बोलणारी माणसंही कप खाली ठेवून उठायची. शेवटी एका रेल्वेत काम करणाऱ्या माणसाने होकार दिला. त्याने फक्त एवढंच विचारलं की पथ्य काय आहे.

ताईला दिवस गेले तेव्हा डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. पायांना सूज, एकच मूत्रपिंड, आणि त्यातही एक बारीक खडा दिसत होता. मी महिनाभर तिच्याकडे होते. तिचं पाणी, तिचं लिंबू, तिचं अळणी वरण मीच पाहत होते. एका दुपारी तिला विचारलं, "ताई, तुला कधी वाटते का, की तेव्हा बाटली न्यायला पाहिजे होती?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला.

"मले काहून विचारतेस?" ती म्हणाली. "आजपर्यंत सगळ्यांनी मलेच विचारलं. डॉक्टरनं, मायनं, आता तू. त्या गावात जाऊन कोणी एकाले तरी विचारलं का, बाईले पाणी काहून नाही दिलं?"

ती भिंतीकडे तोंड करून झोपली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

मुलगी झाली, सुखरूप. तो बारीक खडाही पुढे आपोआप पडला. बाबा नातीला पाहून गेले, त्यांच्या छातीनेच त्यांना नेलं. माय त्यांच्याशी शेवटपर्यंत नीट वागली, सेवा केली, पण ताईच्या आजारपणाचा विषय निघाला की दोघांपैकी एक जण खोलीतून उठून जायचं. कोणाचं बरोबर होतं, ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

ताई अजून आहे. मार्च लागला की मी रोज फोन करून विचारते, काय खाल्लं, किती प्यालीस, लघवीचा रंग कसा आहे. ती वैतागते. "पोट्टी आहे का मी?" म्हणते. आणि तरी, फोन ठेवायच्या आधी, सगळं नीट सांगते.